एका कॉम्प्युटरात दोन घरं

आमच्या घरातलं खरं बोलणं लाइट गेल्यावर ऐकू येतं. खाली माग, वर घर आणि मधल्या जिन्याला लागून माझी कॉम्प्युटरची खोली. माग चालू असले की शेजारच्याला चहा हवा का हेही ओरडून विचारावं लागतं. लाइट गेली की सगळे माग एकदम बंद पडतात आणि मग वर स्वयंपाकघरात कुणी वाटी ठेवली तरी मला खाली कळतं.

त्या दुपारी लाइट गेली आणि वरून नवऱ्याचा आवाज आला. तेलुगूत. मी मंगळवेढ्याची, मराठी घरातली. हे लोक पिढ्यान्‌पिढ्या सोलापुरात विणकाम करणारे, तेलुगू बोलणारे. लग्न आमचं आम्ही जमवलेलं. घरात माझ्याशी सगळे मराठीत बोलतात. पण काही माझ्या कानावर पडायला नको असलं की तेलुगू सुरू होतं, आणि त्यामुळेच मी ती भाषा इतक्या लवकर शिकले. "एवरिच्चिन्रु?" नवरा विचारत होता. कोणी दिलं? त्यावर सासूबाई हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या. त्यातला एकच शब्द मला नीट लागला. तम्मुडु. धाकटा भाऊ. नवऱ्याला धाकटा भाऊ नाही. मला आहे.

सासऱ्यांचा आवाज मात्र आला नाही. ते गप्प होते, आणि त्यांच्या गप्प राहण्याचा मी माझ्या परीनं अर्थ लावला.

लाइट आल्यावर नवरा खाली आला आणि त्यानं माझ्या टेबलावर एक टॉवेल टाकला. पांढरा, दोन्ही टोकांना ज्वारीच्या कणसांचा काठ. तो काठ माझा होता. टॉवेलवर फुलं, मोर, कोयऱ्या सगळेच काढतात. मी माहेरच्या शेतातलं कणीस काढलं होतं, दाणे आणि त्यावरची कुसळंसुद्धा. एका मोठ्या पार्टीनं ते डिझाइन फक्त त्यांच्यासाठी म्हणून पसंत केलं होतं आणि आमचा माल अजून बाहेर पडायचा होता. हा टॉवेल मात्र आमचा नव्हता. लेबल दुसऱ्या कारखान्याचं होतं.

"नवी पेठेत मिळाला," नवरा म्हणाला. "दुकानात थप्पी लागलीय."

मी टॉवेल उचलून बघायला लागले, तर त्यानं तो परत घेतला. म्हणाला, "वर ठेवतो." मला ते खटकलं. चोरीचा माल चोराच्या हातात राहू देत नाहीत, तसं काहीसं.

आता माझ्या भावाचं. तो सोलापुरातच एका टॉवेलच्या कारखान्यात विक्रीचं काम बघतो. लेबलावरचा कारखाना तो नव्हे, पण टॉवेलवाले सगळे एकमेकांना ओळखतात, आणि संशय घ्यायला तेवढी ओळख पुरते. डिझाइनची फाइल असते माझ्या कॉम्प्युटरवर. कॉम्प्युटरला बसते मी. भाऊ आठवड्यातून एकदा येतो, माझ्या खोलीत बसून चहा पितो. गणित सोपं होतं आणि सगळ्यांनी ते मनातल्या मनात करून टाकलं होतं. माझ्याशी मात्र कुणी काही बोललं नाही. सरळ विचारलं असतं तर मी भांडून मोकळी झाले असते.

संध्याकाळी नवरा एवढंच म्हणाला, "पुढचं डिझाइन बाहेरून करून घेऊ म्हणतो. थोडे दिवस." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. लग्नानंतर या घरात माझं म्हणून जे काही होतं ते त्या खोलीत होतं. तिथं मी सून नव्हते, डिझायनर होते. ते गेलं असतं तर मला भाकऱ्या थापायला कुणी नको म्हणणार नव्हतं.

मी म्हणाले, "माझ्या मशीनमधून काही गेलेलं नाही, हे मी दाखवून देते. मग बोल."

जॅकार्डची, म्हणजे मागावर विणून उठवायची, डिझाइनं ज्या सॉफ्टवेअरवर होतात ते फक्त विंडोजवर चालतं, आणि मेल, पार्टीचे फोटो, नेट, सगळं त्याच विंडोजवरून. म्हणजे तिजोरी आणि ओटा एकाच खोलीत. तंत्रनिकेतनात असताना मी लिनक्स शिकले होते, पुढे ते धूळ खात पडलं. आता ठरवलं की त्याच मशीनवर शेजारी लिनक्स बसवायचं. विंडोजमध्ये फक्त डिझाइन, आणि तिथलं नेट कायमचं तोडायचं. बाहेरच्या जगाशी जे काही बोलायचं ते लिनक्समधून, फायरवॉल म्हणजे ये-जा अडवणारा पहारा लावून. मशीन एक, घरं दोन, आणि एका वेळी एकातच दिवा.

हार्ड डिस्कवर नव्या घराला जागा करायची तर जुन्याची हद्द आखडती घ्यावी लागते. मी सगळ्या फाइलींची प्रत काढली, हद्द सरकवली, पेन ड्राइव्हवरून लिनक्स चढवलं. ते होताना काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं भराभर वर सरकत असतात. नेमक्या तेव्हा सासूबाई चहा घेऊन आल्या. पडद्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"हे काय पुसायलीस?"

"पुसत नाही, आत्या. नवीन बसवतेय."

"आजच?" त्यांनी चहा ठेवला आणि गेल्या.

खरंच की. डिझाइन फुटलं, आणि लगेच सुनेनं कॉम्प्युटर उघडून आतलं सगळं इकडचं तिकडं केलं. पुरावा नष्ट करणाऱ्यानं याहून वेगळं काय केलं असतं? मी प्रत काढलेली डिस्क नवऱ्याच्या हातात नेऊन दिली. "जुनं सगळं यात आहे. कुणाकडूनही तपासून घे." त्यानं ती कपाटात टाकली. तपासली नाही, परतही दिली नाही.

त्यानंतर मशीन चालू केलं की आधी एक यादी यायची: लिनक्स की विंडोज? नवऱ्यानं ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा म्हणाला, "दुसरं कशाला ठेवलंयस? काय लपवायचंय त्यात?"

"लपवायला नाही रे, वेगळं ठेवायला."

"तेच ते."

नाही, तेच ते नाही. पण संशय घेणाऱ्याला समजावणं म्हणजे बहिऱ्यासमोर बडबड. मी फायरवॉलच्या मागे लागले. पहिला नियम, बाहेरून आत येणारं सगळं बंद. हा सगळेच लावतात. मी रागात होते, म्हणून आतून बाहेर जाणारंही सगळं बंद केलं. मग एकेक वाट मोजून मापून उघडायची: ब्राउझरपुरती एक, मेलपुरती एक. वाटा उघडल्या तरी एकही साइट उघडेना. तासभर डोकं फोडल्यावर कळलं, साइटचा पत्ता विचारायला मशीन ज्या वाटेनं जातं तीच मी बंद करून बसले होते. घरं सगळी उघडी, पण पत्ता सांगायला कुणी नाही. ती वाट उघडली आणि सुरळीत झालं.

फायरवॉल ज्याला ज्याला अडवते त्याची नोंद ठेवते. ती नोंद बघायची मला सवयच लागली. चहा घ्यावा तशी मी दिवसातून कितीदा तरी ती उघडायची. आणि एके दिवशी मला दिसलं की कुणीतरी सारखं दार वाजवतंय. तेही बाहेरून नाही. आमच्याच घरातल्या वायफायवरून.

मनात शंकेची पाल चुकचुकली आणि मग ती काही थांबेना. नवरा? मोबाइलवरून माझ्या मशीनमध्ये शिरायला बघतोय? त्याला कुणी सांगितलं असेल, बायकोच्या कॉम्प्युटरवर नजर ठेव म्हणून? मी त्याला जेवायला वाढताना त्याचा मोबाइल कुठे आहे ते बघायला लागले. तो आंघोळीला गेला की खाली धावत येऊन नोंद बघायची. तो आंघोळीत असतानाही दार वाजतच होतं. मग मी घरातली एकेक वस्तू बंद करून बघायचं ठरवलं. नवऱ्याचा मोबाइल, माझा मोबाइल, प्रिंटर. दार वाजतंच आहे. शेवटी वर गेले आणि टीव्हीची वायर काढली.

"मालिका लागलीय न् वायर काढतीस?" सासूबाई ओरडल्या. खाली येऊन बघितलं तर नोंद शांत. नवीन टीव्ही आहे, नेटवरचा. तो घरातल्या सगळ्या यंत्रांना तू कोण, तू कोण करत बसतो. माझा चोर म्हणजे सासूबाईंची मालिका. हसू यायला हवं होतं. आलं नाही. टीव्ही सुटला, पण नवऱ्याच्या मोबाइलकडे बघायची माझी सवय सुटली नाही.

त्याच दिवसांत भाऊ आला. चहा पिऊन झाल्यावर मी त्याला विचारलं. फिरवून फिरवून विचारलं. तुझ्याकडे कधी माझी एखादी फाइल आली होती का रे, चुकून? मोबाइलवर फोटो वगैरे काढला होतास का? तो आधी हसला. मग त्याला कळलं मी काय विचारतेय.

"ताई, तू बी?" तो म्हणाला.

"मी नाही रे. पण वर—"

"वरच्यांचं मला ठाव हाय. म्हणून तर मी आजकाल जिन्यातनंच आवाज देतो, वर जात न्हाय." त्यानं कप ठेवला. "निघतो मी. पार्टी थांबलीय."

कुठलीही पार्टी थांबलेली नव्हती. त्यानंतर तो आला नाही.

मी नोंदीचे कागद छापले. कुठल्या वाटा उघड्या, कुठल्या बंद, काय अडवलं, सगळं. ते घेऊन वर गेले. सासरे खाटेवर बसले होते, नवरा जेवत होता. मी कागद समोर ठेवले आणि समजावून सांगितलं की डिझाइनं आहेत त्या बाजूला नेटच नाही, आणि नेट आहे त्या बाजूनं मेल आणि ब्राउझरशिवाय काही बाहेर जाऊ शकत नाही.

नवऱ्यानं घास संपवला. "पण हे नियम लिहिले कुणी?"

"मी."

"आणि पासवर्ड?"

"माझा."

"मग?" तो म्हणाला. "वॉचमन तूच, रजिस्टर तुझंच. शिवाय हे सगळं आत्ताचं. तेव्हा काय गेलं ते यात कुठे आहे?"

त्याचं बरोबर होतं. मेलं, त्याचं अगदी बरोबर होतं. फायरवॉल आज कोण येतंय ते सांगते, काल कोण येऊन गेलं ते नाही. मी चोरी झाल्यावर कुलूप लावलं होतं आणि तेच पुरावा म्हणून दाखवत होते. मी सासऱ्यांकडे बघितलं. त्यांनी कागदांना हातही लावला नाही. "राहू दे," एवढंच म्हणाले आणि उठून गॅलरीत गेले. मला वाटलं, यांनी तर निकालच देऊन टाकला.

पुढचं डिझाइन बाहेर गेलं. एक डिझायनर होता, त्याच्याकडे. नवरा पेन ड्राइव्ह खिशात घालून आणायचा, सरळ मागाला लावायचा. माझ्या खोलीत मशीन चालू असायचं, यादी यायची, आणि दोन्ही घरांत मला काही काम नसायचं.

आणि मग हात पुसले.

म्हणजे अक्षरशः. भाकऱ्या करून झाल्यावर मी बेसिनजवळ हात धुतले आणि तिथल्या खुंटीवरचा टॉवेल ओढला. कणसांचा काठ. सासूबाईंनी तो नवी पेठेतला टॉवेल हात पुसायला काढला होता! ज्याच्यावरून घरात एवढं रामायण, तो ओला होऊन खुंटीला. मला तो इतके दिवस कुणी नीट बघू दिला नव्हता. मी तो खिडकीशी नेऊन ताणून धरला.

माझ्या कणसाला वर कुसळं आहेत आणि मधलं एक अगदी सरळ उभं आहे. या टॉवेलवर ते नव्हतं. एकाही कणसावर नव्हतं. दोन्ही बाजूंची कुसळं, आणि मध्ये स्वच्छ मोकळी जागा. मी धावत खाली गेले, विंडोज सुरू केलं, फाइल उघडली. फाइलमध्ये मधलं कुसळ होतं.

माझी फाइल कुणी चोरली असती तर कुसळासकट चोरली असती.

मग आठवलं. या डिझाइनचे पहिले नग उतरवले तेव्हा जॅकार्डचा एक हूक उठत नव्हता. हूक म्हणजे वरच्या यंत्रातला काटा. तो उठला की प्रत्येक कणसातला त्याचा धागा उठतो. तो मेला होता, म्हणून मधली सरळ रेघ कापडावर येतच नव्हती. मीच मेकॅनिकला दाखवलं. हूक बदलला, मग चांगला माल निघाला. पार्टीचा सगळा माल कुसळासकट आहे. बिनकुसळाचे नग जगात तेवढेच, सुरुवातीचे. दुसऱ्या कारखान्याच्या माणसानं त्यातला एखादा समोर ठेवून त्याचा ग्राफ, म्हणजे चौकटींच्या कागदावरचं चित्र, उतरवला आणि आमची चूक नक्षी समजून घेतली.

म्हणजे कॉम्प्युटरमधून काहीच गेलं नव्हतं. कापड गेलं होतं. मी वर गेले आणि सासूबाईंना विचारलं, "आत्या, पहिले खराब नग आलेले, ते कुठे आहेत?"

"ते?" त्या लसूण सोलत होत्या. "ते साखरपुड्याला दिले की. माझ्या भाच्याच्या. मानाचे टॉवेल-टोपी लागतात, बाहेरून कशाला आणायचे? आपल्यात नेहमी तेच देतात, जरा डाग पडलेले, धागा सुटलेले. घडी घातली की काय दिसतंय?"

"दिले कुणी?"

"तुझ्या सासऱ्यांनीच. स्टेजवर. मुलीकडच्या सगळ्या मोठ्या माणसांना."

मुलीकडचे म्हणजे टॉवेलवाले. मुलीचा चुलता त्याच लेबलचा मालक, पण फाइलच्या संशयात आहेर कुणाला आठवला नव्हता. सासऱ्यांनी त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर माझं डिझाइन टाकलं आणि हात जोडले. फोटोही काढला असणार. टॉवेलवाल्याच्या खांद्यावर नवीन काठाचा टॉवेल पडल्यावर तो घरी जाऊन दुसरं काय करणार? त्यालाही मी फार दोष देत नाही.

मला एवढा आनंद झाला की जिन्यात बसून मी आधी स्वतःशीच हसले. मग टॉवेल घेऊन सासऱ्यांना शोधत खाली गेले. सुट्टीचा दिवस होता, माग बंद होते. ते एकटेच मागाच्या मधल्या वाटेत उभे राहून सूत बघत होते. मी टॉवेल पसरला आणि मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"मामा, हे बघा. मधलं कुसळ नाही. हा साखरपुड्यातल्या नगावरून काढलाय. आपण दिलेल्या."

ते बघत राहिले. मला वाटलं, धक्का बसलाय. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी घाईनं म्हणाले, "तुम्हाला काय माहीत, मामा. घडीत दिसत नाही ते."

"दिसतंय की," ते म्हणाले. "जन्म गेला मागावर माझा. टॉवेल घरात आला, हात फिरवला, तेव्हाच कळलं मला."

"कधी?"

"त्याच दिवशी."

माग बंद असल्यामुळे ते किती हळू बोलले तेही स्पष्ट ऐकू आलं. मी विचारलं, "मग माझ्या भावाचं नाव निघालं, तेव्हा?"

त्यांनी सुताची कांडी उचलली, परत ठेवली. "मीच दिलेला आहेर. पोरासमोर, तुझ्या सासूसमोर कसं सांगायचं? पार्टी जायची वेळ आली होती. वाटलं, चार दिवस जातील, विसरतील सगळे." मग म्हणाले, "तू भांडली नाहीस. मला वाटलं, तुझं चालून जातंय."

इतका राग मला आयुष्यात आला नव्हता. मी सगळ्यांवर संशय घेतला होता: नवऱ्यावर, टीव्हीवर, भावावर. एका माणसावर घेतला नव्हता, आणि तो सगळं माहीत असून गॅलरीत जाऊन उभा राहिला होता. मी म्हणाले, "आज जेवताना तुम्ही सांगायचं. मी नाही." आणि त्यांनी सांगितलं, हे त्यांचं खरं. मान खाली घालून, मराठीत सांगितलं, म्हणजे मलाही कळावं. नवरा पानावरून उठला. दुसऱ्या दिवशी बाहेरच्या डिझायनरचा पेन ड्राइव्ह माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि म्हणाला, "तूच बघ आता." माफी त्याला मागता येत नाही. मी पेन ड्राइव्ह घेतला, कारण मला माझं काम हवं होतं.

मग भावाला फोन लावला. तो त्याच्या कारखान्याच्या दुकानात होता, मागे गिऱ्हाइकांचा गलका ऐकू येत होता. मी सगळं सांगितलं: हूक, कुसळ, साखरपुडा, स्टेज. सासऱ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं हेही सांगितलं. मला वाटलं, तो चिडेल, त्यांना चार शिव्या देईल आणि मग आम्ही दोघं हसू.

तो गिऱ्हाइकांपासून बाजूला गेला, गलका कमी झाला.

"त्यांचं राहू दे, ताई," तो म्हणाला. "ती लोकं परकीच की. मला तू का इचारलंस?"

मागून त्याला कुणीतरी हाक मारली आणि त्यानं फोन ठेवला.